सूर्यभानच्या कोरड्या विहिरीतला सूर

यशया साळवे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आमच्या मिरजगावात सगळे त्याला किलारनेट म्हणत आणि यशयाही तसंच म्हणायचा. रतनबाईंच्या घरात मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको मरिया भाड्यानं राहत. त्याच घराच्या पुढच्या अंगाला माझं शिलाईचं दुकान होतं. मधे नुसता पत्रा. त्यामुळे त्याचं वाजवणं मी जेवढं ऐकलं तेवढं मरियाखेरीज दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल. मला गाण्यातलं काही कळत नाही, आणि लिहिण्याचीही सवय नाही. पण बहात्तर सालच्या उन्हाळ्यात जे ऐकलं ते अजून मनातून जात नाही, आणि तेव्हा तिथं असलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

यशया मूळचा श्रीरामपूरकडचा. लहानपणी मिशनच्या शाळेत बँड होता, तिथं एका साहेबानं त्याच्या हातात किलारनेट दिलं. साहेब गेला, शाळेचा बँड मोडला, पण ह्याचं वाजवणं सुटलं नाही. पुढे तो गोरक्षनाथ मास्तरांच्या लग्नाच्या बँडमध्ये आला. मास्तर आमच्याच गावचे. बँड त्यांच्या मालकीचा, पण वाजवणारे कुणाचेच नोकर नव्हते. ज्या दिवशी वाजवलं त्या दिवसाची बिदागी मिळायची. न वाजवलेल्या दिवसाचं काही नाही. त्या धंद्यात कुणी कुणाला कामावरून काढतही नसे. पुढच्या लग्नाला बोलावणं आलं नाही, की माणसानं समजून घ्यायचं.

त्या साली अधिक महिना वैशाखात आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात लग्नं होत नाहीत. धोंडा एरवी कुठेही येवो, बँडवाल्याला फरक पडत नाही, पण ऐन वैशाखात आला म्हणजे शेतकऱ्याचं उभं पीक कुणीतरी महिनाभर झाकून ठेवावं तसं झालं. माझंही तेच. लग्नाचे कपडे नाहीत, म्हणजे मशीनवर नुसतं हात ठेवून बसायचं. त्यात पावसानं आधीच दगा दिलेला, विहिरी आटलेल्या.

महिना लागायच्या आदल्या दिवशी गोरक्षनाथ मास्तर आले. माझ्या दुकानाच्या फळीवर बसले आणि यशयाला हाक मारली.

"यशयाभाऊ, आता महिनाभर आराम करा."

"आराम कसला मास्तर. बसवलं म्हना."

"बसवलंय ते पंचांगानं, मी न्हाई. आता ऐका. धोंडा सुटला की पहिलं लगीन काष्टीचं. मोठं घर हाय. येशीपासनं मारुतीपर्यंत चालत वाजवायचं. नगरहून बन्सीला बी बोलावलंय."

"एका बँडाला दोन किलारनेट कशाला?"

"असू द्या की."

"मास्तर, सरळ बोला."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सरळच बोलतो. मागल्या दोन लग्नांत तुमची फुंक मधीच तुटली. लोक हसले. काष्टीला बघू. जमलं तर तुमी हायच. न्हाई तर बन्सी."

यशया तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. वरचा एक पुढचा दात हलायचा. किलारनेटच्या तोंडावर वरचे दात टेकतात, त्यामुळे प्रत्येक सुराला तो दात कळ काढायचा. त्यानं सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून तिथं चिकटवला होता. मास्तर गेल्यावर तो मला म्हणाला, "राधाकिसन, फुंक ही गाईच्या दुधावानी असती. रोज काढली तर ऱ्हाती. महिनाभर थांबली तर ह्या वयाला परत यायची न्हाई."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं किलारनेट काढलं. पहिला सूर निघतोय तोच रतनबाई ओल्या लुगड्यानं दारात. धोंड्याच्या महिन्यात त्या पहाटे आंघोळ करायच्या आणि एक वेळ जेवायच्या.

"यशया, हे काय मांडलंयस? मलमास लागलाय. माझ्या घरात लग्नाचं गानं वाजायचं न्हाई."

"गानं न्हाई काकू. नुसता सूर धरतो."

"ज्या वाद्यानं लगीन लागतं त्याचा सूर बी नको. माझा नेम चाललाय."

"बरं काकू."

आतून मरियाचा आवाज आला, "आपल्याला कुठला हो धोंडा लागलाय? आपन तर चर्चला जातो."

"घर त्यांचं हाय," यशया म्हणाला आणि किलारनेट मरियाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं.

रतनबाई वाईट नव्हत्या. त्यांचा जावई धोंडे खायला आला त्या दिवशी पुरणाचे धोंडे तळले, तर एक ताट त्यांनी यशयाकडेही पाठवलं. "तू बी कुनाचा तरी जावई हायस," म्हणाल्या. पण वाजवायची बंदी ती बंदीच.

घरात बसून पोट भरत नाही. गावापासून थोड्या अंतरावर दुष्काळी काम निघालं होतं, तळ्याचा बांध घालायचा. यशया आणि मरिया तिथं जायला लागले. चार दिवस मशीनकडे बघून मीही गेलो. मी टिकाव हातात धरला की बाया हसायच्या. "टेलर, काजं पाडताय का?" असं लंकाबाई विचारायची. लंकाबाई म्हणजे आमच्या टोळीतली सगळ्यांत म्हातारी बाई. मुकादम सांगायचा मुकादमासारखं, पण काम चालायचं लंकाबाईच्या तोंडानं.

पहिल्याच दिवशी यशयाला खडी फोडायला बसवलं, तर मरियानं त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. "तुमी माती व्हा. खडी मी फोडते. बोटं सुजली म्हंजे भोकांवर कशी बसतील?" बाया म्हणाल्या, "बाई गं, नवरा हाय का नवरी?" मरिया म्हणाली, "काय बी म्हना. बोटं त्यांचीच चालतात, माझी न्हाई."

दुपारी जेवणाची सुट्टी व्हायची. सगळे बाभळीखाली आडवे व्हायचे. यशया मात्र भाकरी खाल्ली की माती वाहायच्या पाटीत फडक्याखाली काहीतरी घेऊन निघून जायचा. एक दिवस मी मागे गेलो. बांधाच्या पलीकडे सूर्यभानचं रान होतं. सूर्यभान कष्टाळू माणूस, त्याची विहीर मोठी आणि खोल, पण त्या साली तळाशी ओलसुद्धा नव्हती. यशया विहिरीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत खाली उतरत होता. पाटी डोक्यावर, एक हात भिंतीला. मला बघून थबकला, मग म्हणाला, "ये खाली. थंड हाय."

मी भीत भीत उतरलो. तळाशी कोरडा गाळ, त्याला भेगा पडलेल्या. वर बघितलं तर आभाळाचा एक गोल तुकडा. यशयानं लुगड्यातून किलारनेट काढलं, तोंडाशी बसवलेली वेताची पत्ती जिभेनं ओली केली आणि एक सूर धरला. भिंतीतले पारवे फडफडत वर उडाले. मला वाटलं विहीरच बोलली. सूर त्याच्याकडून निघाला हे मी डोळ्यांनी बघत होतो, पण कानाला तो चारी बाजूंनी येत होता, खालून, मागून, डोक्यावरून. माझ्या छातीच्या फासळ्यांत तो लागत होता. यशयाची फुंक संपली तरी विहीर थोडा वेळ तोच सूर धरून राहिली.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "मी थांबतो, पन ही लगीच थांबत न्हाई."

"गाणं वाजव की एखादं."

"काकूला सांगितलंय, गानं न्हाई."

"इथं काकू कुठं आहे?"

"मी हाय ना."

मग रोज मी त्याच्याबरोबर जायला लागलो. तो नुसते सूर धरायचा. एक सूर, फुंक संपेपर्यंत. मग दुसरा. थोड्याच दिवसांत पारवे उडायचे बंद झाले. एकदा तो मला म्हणाला, "सनईवाले गाल भरून घेत्यात आन् त्यातलं वारं सोडता सोडता नाकानं नवं आत घेत्यात. त्यांचा सूर तुटत न्हाई. मला ते आयुष्यभर जमलं न्हाई. लोकांपुढं करायला गेलो की मधी भोक पडायचं. हितं ते भोक ही विहीर बुजविती. कुनाला कळत न्हाई, म्हनून भ्या वाटत न्हाई." तो गाल फुगवून परत परत तेच करायचा. कधी सूर चिरकायचा, कधी दाताच्या कळेनं डोळ्यांत पाणी यायचं. आणि एक दिवस ते जमलं. तो सूर चालू झाला आणि थांबेचना. मी गमतीनं त्याच्याबरोबर माझा श्वास धरून ठेवला. मला सोडावा लागला, परत धरला, परत सोडावा लागला. त्याचा सूर तसाच. गालाची हालचाल दिसत होती, नाक हलत होतं, पण सुराला कुठे सांधा नव्हता.  ज्या माणसाला मी रोज तंबाखू मळताना बघत होतो तोच समोर होता, आणि तरी मला त्याच्याकडे बघायचं धाडस होईना.

आता ह्यात एक घोळ होत होता, तो आम्हाला खाली कळत नव्हता. गाणं वाजवलं असतं तर वरच्या लोकांनी लगेच ओळखलं असतं. पण नुसता लांब सूर, तोही जमिनीतून येणारा. बाभळीखाली पडलेल्या बायांना तो ऐकू जायचा. आमच्याकडे विहिरीत साती आसरा राहतात असं मानतात. त्या पाण्याच्या देवी. पाणी आटलं की त्या निघून जातात, आणि आल्या की पाणी येतं. लंकाबाईनं दोन-तीन दिवस कान देऊन ऐकलं आणि सांगून टाकलं, "आसरा परत आल्यात. सूर्यभानच्या विहिरीला पानी लागनार."

मरियाला सगळं ठाऊक होतं. ती बायांत बसून तोंडात पदर कोंबायची. पण बोलली तर नवऱ्याची वाजवायची जागा जाईल, म्हणून गप्प.

एक दिवस यशया सूर धरून बसला होता, मी भिंतीला टेकलो होतो, आणि वरून हिरव्या बांगड्या येऊन गाळात पडल्या. मागोमाग लिंबू. मग दही-भात, तो माझ्या टोपीवर. आम्ही वर बघितलं तर गोल कडेभर डोकी. यशयानं किलारनेट खाली केलं तेवढ्यात एक नारळ येऊन त्याच्या पायापाशी फुटला.

"आई, पान्याचा झरा सोड गं," सूर्यभानचा आवाज होता. घोगरा, रडवेला. "माझ्या गुरांनी कुठं जायचं? तू आलीस, आता जाऊ नको. तू म्हनशील तेवढं खोल खांदतो. उद्यापासनं लागतो."

भिंतीच्या सावलीत आम्ही वरून दिसत नव्हतो. गप्प बसलो असतो तर लोक थोड्या वेळानं गेले असते. मी यशयाचा हात धरला आणि मानेनं नको म्हटलं. बाहेर पडणं म्हणजे काय होईल ते मला दिसत होतं. ख्रिस्ती माणूस आमच्या देवीच्या नावानं विहिरीत बसून सूर काढतो, असं कुणी धरलं असतं तर त्यानं काय उत्तर द्यायचं? आणि ही जागा गेली की काष्टीही गेली. यशया थोडा वेळ गाळात पडलेल्या बांगड्यांकडे बघत राहिला. मग माझा हात सोडवला.

"आजी, सूर्यभान! मी हाय, यशया!"

वरची डोकी मागे सरली. मग कुणी बाई म्हणाली, "आसरा बोलली गं! यशया म्हनती!"

"आसरांत यशया कोन?"

"आगं, तो बँडवाला!" असं म्हणताना मरियाला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायलाच लागली.

यशया वर चढला. मागून मी, टोपीवर दही-भात घेऊन. सूर्यभान काठी धरून उभा होता. त्याचं तोंड असं झालं होतं की मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. लंकाबाई पुढे आली.

"रोज तूच सूर काढतोस?"

"व्हय आजी."

"कशापायी रे?"

यशयानं तोंड उघडून बोटानं दात हलवून दाखवला. "फुंक जाईल म्हनून. महिनाभर लगीन न्हाई. घरात काकूंनी बंदी केली. धोंडा सुटल्यावर मला वाजवता आलं न्हाई तर मास्तर परत बोलवनार न्हाईत. देवीची चेष्टा करायची नव्हती, आजी. मला ठावंच नव्हतं तुमी ऐकताय."

"म्हंजे आसरा न्हाईत."

"न्हाईत, आजी."

"पानी बी न्हाई."

  उन्हात सगळी माणसं तशीच उभी.  सूर्यभान कडेला खाली बसला. काठी त्यानं बाजूला ठेवली. म्हणाला, "बरं झालं बोललास. उद्या मी खांदायला लागलो असतो. खाली पाषान हाय, मला ठावं हाय. तरी लागलो असतो."

लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता काय, नारळ तर फुटलाय. जा, उतर खाली परत."

"आजी?"

"आगं बया, बहिरा हायस का? इहीर सूर्यभानची, बंदी रतनबाईची. सूर्यभान, तुझी बंदी हाय का?"

सूर्यभाननं मान हलवली. "वाजीव बाबा. रिकामीच हाय."

यशया परत उतरला. ह्या वेळी मी वरच थांबलो. टोळीतली सगळी माणसं विहिरीभोवती बसली, मुकादमही बसला. खालून सूर आला. आता कुणाला तो देवीचा वाटत नव्हता, खाली कोण आहे ते सगळ्यांना माहीत होतं, तरी एकाही माणसानं हूं का चूं केलं नाही. तो सूर वर येत राहिला, येत राहिला, आणि त्याला शेवटच नव्हता. सूर्यभाननं हळूच डोळे मिटले. लंकाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "टेलर, हा मानूस श्वास कवा घेतो?" मी म्हटलं, "घेतो आजी, पण कळत नाही." तिनं दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही.

रतनबाईंच्या कानावर ते गेलंच. त्या एवढंच म्हणाल्या, "इहिरीत वाजीव खुशाल. सापाचं तेवढं बघ."

धोंडा सुटला आणि लग्नांची झुंबड उडाली. महिनाभर अडलेली सगळी लग्नं एकदम आली. काष्टीला जायच्या आधी बँडवाल्यांचे लाल कोट माझ्याकडे आले. दुष्काळी कामावर सगळेच वाळले होते, कोट अंगावर लोंबत होते. कंबरेत घेऊन घेऊन माझे दोरे संपले. मास्तर म्हणाले, "टेलर, तुमी बी चला, वाटेत उसवलं तर?" म्हणून मी गेलो.

नगरचा बन्सी आलेला होता. पंचविशीचा, केसांना तेल लावून भांग पाडलेला, हात सफाईचा. त्यानं यशयाला वाकून नमस्कार केला. वेशीपाशी नवरदेव घोड्यावर बसला आणि मास्तरांनी बन्सीला पुढे घेतलं, यशयाला मागे. बन्सीनं सिनेमातलं चालतं गाणं लावलं, काय वाजवलं त्यानं! पोरं नाचायला लागली. यशया मागून साथ देत होता. मला वाटलं, संपलं.

पण वाजवणाऱ्यांचे ओठ महिनाभर झोपलेले होते. बन्सी तर नगरकडे दोन लग्नं वाजवून आला होता, दोन दिवसांतलं त्याचं हे तिसरं. अर्ध्या वाटेवर त्याचा सूर फाटायला लागला. ओठ सुजून चिरला होता, पत्तीला रक्त लागलं होतं. कॉर्नेटवालाही सारखा तोंडापासून वाद्य दूर करून ओठ पुसत होता. बँड विस्कटला. नाचणारी पोरं थांबून मागे बघायला लागली. मास्तरांचं तोंड पांढरं पडलं.

तेव्हा यशया पुढे आला. बन्सीच्या बरोबर पुढे, असा की लोकांना बन्सी दिसू नये. आणि त्यानं एक सूर धरला. नुसता सूर. तो उन्हात, धुळीत, सबंध गल्लीवर पसरला. घोडा कान टवकारून थांबला. त्याच सुरातून, कुठेही न थांबता, त्यानं गाणं काढलं, तेच सिनेमातलं, पण ते गाणं एवढं मोठं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ढोलवाला सावरला, झांज सावरली, सगळा बँड त्याच्या मागे आला. मारुतीपर्यंत त्याची फुंक एकदाही तुटली नाही. एक म्हातारे गृहस्थ बायकोला म्हणत होते, "अगं बघ, बघ, हा श्वासच घेत नाही!"  विहिरीनं ज्याचे सांधे झाकले होते तो सूर आता उघड्यावर होता, आणि तरी सांधा नव्हता. वाजवताना यशयाचे डोळे अर्धे मिटलेले होते. गळ्यावरून घाम वाहत होता. मी उभ्या जागी हात जोडले, लंकाबाईनं जोडले होते तसे, आणि मलाही कळलं नाही कुणाला.

मारुतीच्या पारावर बँड थांबला. मास्तर स्वतः तांब्याभर पाणी घेऊन आले आणि यशयाच्या हातात दिलं. बन्सी खांबाला टेकून ओठाला रुमाल लावून बसला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"यशयाभाऊ," मास्तर म्हणाले, "उद्या कर्जत. सकाळी लवकर निघायचं."

यशयानं पाणी पिऊन तांब्या परत दिला. "येतो मास्तर. पन ह्याला दोन दिस बसवा. ओठ भरू द्या."

"बसवतो की. त्याला आता घरीच धाडतो."

"घरी न्हाई. बसवा म्हनलो, काढा न्हाई. परवाच्या लग्नाला बोलवा. बसायला लागलं की मानसाला काय काय वाटतं ते तुमाला ठावं न्हाई."

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. मग बन्सीकडे वळून म्हणाले, "परवा मांडवगणला यायचं रे. ओठाला तूप लाव."